उजव्या अंगाचा टॅग

८ नोव्हेंबर

डावऱ्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे उघडणार नाहीस, असं धरूनच लिहिते आहे. ईमेल तू न वाचता पुसतोस, फोन उचलत नाहीस. पण कागद टाकून द्यायचा तरी तो हातात घ्यावा लागतो. तेवढा वेळ मिळाला तरी मला पुरे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझा त्रास वाचेल. मी माफी मागायला लिहीत नाही. टेकाडावरची मासेमारी बंद करा ही शिफारस माझी होती, खाली सही माझी होती, आणि तेच आकडे पुन्हा समोर आले तर मी तीच सही पुन्हा करीन. समुद्राच्या तळाशी असलेल्या त्या टेकाडावर तुझी बोट जगत होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या धाकट्या भावाची बोट आहे म्हणून माशांची संख्या वाढत नाही, एवढंच. समितीच्या हॉलबाहेर जिन्यात उभा राहून तू म्हणालास, "ताई, तुला मासे सख्खे आणि मी सावत्र." आणि जो खाली उतरलास तो दोन वर्षं झाली, उतरतोच आहेस. ते सोडून बाकीचं लिहिते.

मी सध्या पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, बर्फावर आहे. संशोधन केंद्र म्हणजे लाकडी खोल्यांची एक रांग, मधून बोळ, बोळात सगळ्यांचे ओले बूट. माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीला खिळे मारून लावलेलं जाड कांबळं, कारण या दिवसांत इथे सूर्य मावळत नाही. रोज चालत समुद्रावर जाते. समुद्र म्हणजे पायाखाली माणसाच्या उंचीहून जाड बर्फ. त्यावर एक झोपडी, झोपडीच्या जमिनीला भोक, भोकावर दोर ओढायचा विंच, बाजूला डिझेलची शेगडी. भोकातून गळ सोडते आणि दात्या मासा लागायची वाट बघत बसते. म्हणजे तू करतोस तेच. फरक इतकाच की मी मासा मोजते आणि परत सोडते. हसलास तरी चालेल, मला कुठे दिसणार आहे?

आता मुद्द्याचं. या वेळचे आकडे बरे आहेत. गेल्या वर्षी पाहणीसाठी दोन बोटी टेकाडावर सोडल्या होत्या, त्यांना दात्या चांगला मिळाला आणि खुणेचा टॅग लावून सोडलेले मासे त्यात फार थोडे निघाले. म्हणजे खाली मासा भरपूर असणार. ऑफिसातला आमचा गणिती, ज्याला तू 'वजाबाकी' म्हणायचास, त्यानं पहिल्यांदाच बेरीज केली आहे. फेब्रुवारीत समिती बसेल. अंदाज असाच टिकला तर टेकाड उघडेल, आणि त्या शिफारशीवरही सही माझीच असेल. ही बातमी तुला कुणा कारकुनाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र.

दुसरं काही कारण नाही.

ताई


२७ नोव्हेंबर

डावऱ्या,

काल विमान आलं. इथला आचारीच टपाल वाटतो. जेवणाच्या खोलीत टेबलावर चढून एकेकाला हाक मारतो आणि पाकीट कितपत जाड आहे त्यावर शेरे मारतो. कुणाला बायकोचं, कुणाला मुलाचं चित्र, कुणाला मोजे. मला ऑफिसचं परिपत्रक आलं: आवारात गाड्या कुठे लावाव्यात आणि कुठे लावू नयेत. मी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे गाडी नाही.

रविवारी आईशी बोलले. उपग्रहाचा फोन आहे, बोललं की थोडं थांबावं लागतं. आई थांबत नाही. तिचा प्रश्न आणि माझं उत्तर वाटेत एकमेकांना धडकतात. "तो बरा आहे," म्हणाली. "जेवतो वेळेवर." मी विचारलं, माझं पत्र मिळालं का त्याला? मग म्हणाली, "तुझ्याकडे थंडी आहे का गं?"

पृथ्वीच्या टोकावर बसलेल्या बाईला विचारते, थंडी आहे का! मी म्हटलं, आहे थोडी.

इथे वीसेक माणसं आहेत. सगळी आपापल्या कामात चांगली, आणि जेवताना आपापल्या कामाबद्दलच बोलणारी. एक जण बर्फाखालच्या किड्यांवर बोलतो, एक जण सीलच्या दुधावर. मी दात्यावर बोलते. कुणी कुणाचं ऐकत नाही, पण आवाज असतो, तो बरा वाटतो. परवा आचाऱ्यानं विचारलं, "बाई, तुमच्या उजव्या हाताला रोज एक खुर्ची रिकामी ठेवता, तिथं कोण यायचं आहे?" मला पत्ताच नव्हता मी असं करते म्हणून. मग लक्षात आलं. स्वयंपाकघरातलं आपलं टेबल. माझ्या उजवीकडे तू, तुझा डावा हात, माझा उजवा. दर घासाला कोपरावर कोपर. मी किती मारामाऱ्या केल्या तुझ्याशी त्या कोपरावरून, आणि बाबा म्हणायचे, जागा बदला की मेल्यांनो. आपण कधी बदलली नाही. आचाऱ्याला मी म्हटलं, कुणी नाही, सवय आहे.

त्याच टेबलावर मी तुला टॅग लावायला शिकवलं होतं, आठवतं? तू तेव्हा कप्तान नव्हतास, डेकवर कप्तानाखालचा दुसरा होतास. आम्ही नवीनच नियम आणला होता: प्रत्येक बोटीनं पकडलेल्यातले काही दात्या जिवंत सोडायचे, पाठीच्या पराखाली नंबर लिहिलेली रंगीत प्लास्टिकची काडी टोचून. सगळ्या बोटी आम्हाला हसल्या. पकडलेला मासा परत सोडायचा म्हणजे काय! तू एकटा टॅग मारायची बंदूक घेऊन घरी आलास आणि म्हणालास, दाखव कशी मारायची. आपण आईच्या उशीला मासा केलं. "डाव्या अंगाला, पराच्या मुळाशी, तिरकी." तू उशीला इतके टॅग मारलेस की आई आठवडाभर उशीतला कापूस वेचत होती आणि दोघांनाही शिव्या देत होती.

हे तुला आठवण करून द्यायला लिहीत नाही. मला दुसरं काही लिहायला सुचत नाही म्हणून लिहिते.

आठवण करून द्यायलाच लिहिते.

ताई


११ डिसेंबर

डावऱ्या, अरे ऐक!

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे. आज दुपारी गळाला ओढ लागली ती अशी की विंच कुरकुरायला लागला. तास गेला वर घ्यायला. मी एकटीच होते, बरोबरचा तापाने पडला आहे. भोकात आधी बर्फाचा चुरा वर आला, मग ते मोठं काळपट डोकं. दात्या म्हणजे दिसायला काही देखणा नाही, तुला सांगायला नको. पण हा थोराड होता, माझ्या खांद्याएवढा. पट्ट्यात घेऊन पाण्याच्या लांब कुंडात ठेवला, लांबी घेतली, डावं अंग वर होतं, तपासलं, काही नाही. "टॅग नाही" असं लिहूनही टाकलं. आणि सोडायला पट्टा उचलते तोच यानं अंगाला असा हिसका दिला की कुंडातलं निम्मं पाणी माझ्या बुटात, आणि स्वतः उलटा.

उजव्या अंगाला टॅग.

डावऱ्या, उजव्या अंगाला! पिवळा, शेवाळ धरलेला. अंगठ्यानं पुसला तर तुझ्या बोटीच्या अनुक्रमातला नंबर. मला यादी बघायचीसुद्धा गरज नव्हती. सगळ्या जगात उजव्या अंगाला टॅग लावणारा माणूस मला एकच माहीत आहे, त्याला कात्रीनंही सरळ कापता यायचं नाही, आणि शाळेत बाईंनी उजव्या हातात पेन्सिल दिली की हा ती नाकात घालायचा.

किती नीट लावला आहेस रे. मी शेकडो टॅग पाहिले. कुठे मांस सडलेलं, कुठे कातडी ओरबाडलेली. लोक घाईत मारतात, मासा डेकवर आपटतात. इथे जखमेची खूणही नव्हती. काडीभोवती कातडी अशी मिटली होती जणू ती जन्मापासून तिथेच आहे. टेकाडापासून इथवर, बर्फाच्या छपराखालून, हा मासा तुझी काडी अंगावर घेऊन पोहत आला, वीतभर वाढला, आणि इतका मोठा समुद्र सोडून माझ्याच भोकात वर आला. तू मला दोन वर्षं पाण्यात पाहतो आहेस. मी दिवसभर पाण्यातच बघत असते. आज तिथून तू काहीतरी पाठवलंस असं मला वाटलं. वेडेपणा आहे, कळतं मला. शास्त्रज्ञ बाईनं असं लिहू नये. पण झोपडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मी त्या माशाशी मोठ्यानं बोलले. म्हटलं, कसा आहे तो?

मग फोटो काढले आणि सोडला. भोकातून सरळ खाली गेला. आम्ही इथले मासे मारत नाही.

आचारी जेवायला बोलावतो आहे. आज मी त्याला सांगणार आहे, खुर्चीत कोण बसतं ते.

ताई


१४ डिसेंबर

वरचं पत्र अजून इथेच आहे, विमान परवा येईल. दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. पहिलं वाचून तू थांबलास तर किती बरं, असं क्षणभर वाटलं. नंतर वाटलं, तसं करायचं असेल तर हे दुसरं लिहूच नये. म्हणून लिहिते.

तुझा मासा मिळाला त्या संध्याकाळी मी खूप हसले, दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना माझ्या ध्यानात आलं.

हा मासा उलटा झाला नसता तर मला टॅग दिसलाच नसता. मी लिहिलं होतं, "टॅग नाही". मग बोटींवर काय होत असेल? तुला माहीत आहे काय होतं. मासे सरकत्या पट्ट्यावर येतात ते डावं अंग वर करून, कारण टॅग डाव्या अंगाला असतो असं आम्हीच सगळ्यांना शिकवलं आहे. पट्ट्यावरचा माणूस वरची बाजू बघतो. एवढं धूड उलटं करून बघायला त्याला सवड नसते आणि कारणही नसतं. उजव्या अंगाचा टॅग पट्ट्याला चिकटून पुढे जातो आणि कचऱ्यात पडतो.

आपण टॅगवरून मासे कसे मोजतो ते तुला एकदा आईच्या बटणांच्या डब्यावर सांगितलं होतं. डबा ओतून मोजायचा नाही. मूठभर बटणं काढायची, त्यांत लाल दोरा ओवायचा, परत टाकायची, डबा हलवायचा. मग पुन्हा मूठ भरायची. लाल दोऱ्याची बरीच आली तर डब्यात बटणं थोडी. एखादंच आलं तर डबा भरलेला. आता समज, दोरा आहे, पण बटणाच्या पाठीला, आणि आपण नुसते वरून बघतो आहोत. आपल्याला वाटेल, वा, डबा केवढा भरलेला आहे!

त्या वर्षांत टेकाडावर टॅग लावून सोडलेल्या दात्यांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या तुझ्या हातचे आहेत. बाकीच्या बोटी टाळाटाळ करायच्या, तू करायचा नाहीस. ते सगळे उजव्या अंगाला असतील तर पाहणीच्या बोटींना टॅग मिळाले नाहीत ते मासा भरपूर आहे म्हणून नव्हे, तर कुणी खालच्या बाजूला बघितलं नाही म्हणून. मग टेकाडावर मासा कमी आहे. आपण समजलो त्याहून खूपच कमी. आणि ते उघडता येणार नाही.

फोटो दोन दिवस फक्त माझ्याजवळ होता. दोन दिवस मी त्याच्यावर बसून होते. खोटं सांगत नाही, मनात आलं की एकच तर मासा आहे, तो परत गेला, आणि त्या भोकात काय वर आलं ते मी सोडून कुणाला ठाऊक? तुला एकदा तरी बरी बातमी द्यायची होती मला. पण टेकाड उघडलं असतं, तुम्ही सगळे चार हंगामांत उरलासुरला दात्या काढला असता, आणि मग तिथे ना मासा, ना त्यावर जगणारा सील, ना तू. आज मी फोटो पाठवला.

वजाबाकीनं फोन केला. म्हणाला, एका माशावर मी अंदाज फिरवू शकत नाही, एखाद वेळेस हात चुकतो माणसाचा. टॅगच्या नोंदीत नंबर आहे, लांबी आहे, जागा आहे. कोणत्या अंगाला, हा रकानाच नाही. तशी गरज आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "लावणाऱ्यानं स्वतः सांगितलं की तो नेहमीच तसा लावायचा, तर गोष्ट वेगळी," म्हणाला. मी तुझी बहीण. माझा शब्द यात चालत नाही.

म्हणजे तुला खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. नुसता मूग गिळून बसलास की फेब्रुवारीत टेकाड उघडतं. आणि गप्प बसण्यात तुझा हात कोण धरणार?

मी तुझ्याकडे काय मागते आहे ते मला कळतं. तरी मागते आहे. समितीचा पत्ता मागे लिहिला आहे.

ताई


१० जानेवारी

डावऱ्या,

विमान येऊन गेलं. आचारी टेबलावर चढला, सगळ्यांना हाका मारल्या, उतरला, आणि माझ्यासमोर न विचारता कॉफी ठेवून गेला. त्यालाही आता पाठ झालं आहे.

आईनं सगळं सांगितलं. या खेपेला ती थांबून थांबून बोलली, म्हणून मला भीती वाटली. तू सगळी पत्रं वाचतोस म्हणाली. पहिलं वाचलंस आणि दुसऱ्याच दिवशी बोट रंगवायला काढलीस. दोर नवे आणलेस, जुन्या माणसांना निरोप गेले. बायकोला म्हणालास, "ताईनं लिहिलंय म्हणजे नक्की असणार." आणि मग डिसेंबरचं पाकीट गेलं. ते वाचून तू उठलास, धक्क्यावर गेलास आणि अर्ध्या रंगवलेल्या बोटीत जाऊन बसलास, जेवायलाही आला नाहीस.

मी ती बातमी आधी का लिहिली? नक्की होईपर्यंत थांबायला काय झालं होतं? मीच सगळ्यांना सांगत असते, अंदाज म्हणजे अंदाज. पण तुला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि मला दुसरं निमित्त नव्हतं.

मला इथे फार एकटं वाटतं. घे, लिहिलं. दोन महिने इकडचं तिकडचं लिहिते आहे, बूट आणि आचारी आणि परिपत्रकं. दिवसभर झोपडीत बसते. मधूनच एक सील भोकात डोकं काढतो, दमल्यासारखा मोठा श्वास सोडतो, माझ्याकडे बघतो आणि जातो. त्या श्वासाची मी वाट बघते. कामाचं म्हणशील तर काम चांगलं चाललं आहे. पण दात्या मोजला, लिहिला, सोडला, की वळून कुणाला सांगावं म्हणते तर शेगडी असते.

आणि तू तिकडे बोटीत बसून आहेस, आणि मी इकडे भोकापाशी, आणि दोघांच्या मध्ये एक मासा. असली भावंडं कुणी पाहिली असतील का?

नको लिहूस समितीला. बस तसाच, तोंडात मिठाची गुळणी धरून. उघडू दे टेकाड. काढ शेवटचा मासा आणि मग ये माझ्याकडे विचारायला, ताई आता काय. नाही, हे नको वाचूस. खोडून टाकायला हवं होतं, पण कागद मोजकेच उरले आहेत.

बोटीचा रंग कोणता ते तरी आईला सांगायला सांग.

ताई


३ फेब्रुवारी

डावऱ्या,

आज वजाबाकीचा फोन आला. म्हणाला, "बस खाली." मी उभीच राहिले. म्हणाला, समितीला एका कप्तानाचं पत्र आलं आहे, वाचून दाखवू का? तो वाचत गेला आणि मी खिशातल्या पेन्सिलीनं हातावर लिहीत गेले. पेन्सिल हातावर उमटत नाही, पण ऐकलेलं विसरले नाही.

"समितीस. टेकाडावर मी चार हंगाम टॅग लावले. मी डावखुरा आहे. डाव्या हातानं लावताना माझ्यापुढे माशाचं उजवं अंग येतं. माझे सगळे टॅग उजव्या अंगाला आहेत, डाव्या अंगाला एकही नाही. मला शिकवणाऱ्यानं डावीकडे लावायला सांगितलं होतं, बरोबर सांगितलं होतं. पण मासा उलटा करायला गेलं की तो पाण्याबाहेर जास्त वेळ राहतो आणि सोडल्यावर जगत नाही. मी तसे एकदोन मेलेले पाहिले, म्हणून उलटा करायचं सोडलं. याचा टेकाडावर काय परिणाम होतो ते मला समजतं. पत्राची पोच द्यावी."

खाली सही, बोटीचं नाव. माझ्याबद्दल त्यापलीकडे शब्द नाही. वजाबाकी म्हणाला, "तुझा भाऊ मला वजाबाकी म्हणतो ना? त्याला सांग, आजची त्यानं स्वतः केली."

टेकाड बंद राहणार. किती हंगाम ते नव्या पाहणीनंतर. आतापासून प्रत्येक बोटीनं मासा दोन्ही अंगांनी बघायचा, आणि नोंदीत एक रकाना वाढला आहे: कोणतं अंग. तुझ्या नावानं नाही, पण तो तुझा रकाना आहे.

फोन ठेवून मी झोपडीवर गेले. गळ टाकला नाही. शेगडी पेटवली आणि रडले, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मला तुझा अभिमान वाटतो. आणि मी तुझी बोट बुडवली. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत आणि मला त्या कुठे ठेवाव्यात ते कळत नाही. मासा जगावा म्हणून तू चुकीच्या बाजूनं टॅग लावलेस, हे तू मला कधी बोलला नाहीस. मी विचारलंही नाही. तुला मासे कुणी सख्खे केले रे?

सील आला होता. बराच वेळ थांबला.

ताई


१९ फेब्रुवारी

डावऱ्या,

शेवटचं विमान आलं. यानंतर मला न्यायला जहाजच येईल, एप्रिलमध्ये.

आचारी टेबलावर चढला आणि पहिलं पाकीट त्यानं हातात घेतलं. शेरा मारला नाही. खाली उतरून माझ्यापर्यंत चालत आला आणि माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर ते ठेवलं.

मी अक्षरावरून नाही, डागावरून ओळखलं. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचा तळवा ओल्या शाईवरून फिरतो. शाळेत तुझ्या सगळ्या वह्या अशाच असायच्या, आणि घरी आलास की मनगटापर्यंत निळा. पत्ता निम्मा पुसलेला. पाकीट इथवर पोचलं हेच नवल.

आत तुझ्या ओळी आहेत, डागांतून लावून वाचल्या. आता इतक्या वेळा वाचल्या आहेत की तुलाच परत लिहून दाखवते, चूक असेल तर सांग:

"ताई, बोट विकली. हिरवा रंग होता. दुसऱ्याच्या बोटीवर लागलो आहे, मार्चमध्ये लांबच्या पाण्यावर जातो, वर्ष संपताना परत. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो मासा केवढा होता ते नीट लिही, खांद्याएवढा म्हणजे किती. परत आलो की जेवायला ये. माझ्या डावीकडे बसू नकोस, कोपर लागतं."

म्हणजे मी पोचेन तेव्हा तू निघून गेलेला असशील. घरी आई असेल, तुझी माणसं असतील, टेबल असेल. तुझी खुर्ची रिकामी. वर्ष संपेपर्यंत मला तिच्या शेजारी बसून जेवावं लागेल, आणि ते सोपं जाणार नाही.

राग ठेव. मला चालेल. बोटीसाठी मला जन्मभर वाईट वाटणार आहे, तेही मी ठेवते.

मासा माझ्या बुटाच्या टाचेपासून खांद्याच्या हाडापर्यंत होता, शेपटी धरून. तुझा टॅग पराच्या मुळाशी, तिरका, शिकवला तसा. फक्त उजवीकडे.

आणि मी तुझ्या डावीकडेच बसणार आहे. लागू दे कोपर.

ताई